मंडळी कोणाच्या मालकीची?

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळीपुढचा आजचा मोठा प्रश्न हिशेबाचा आहे. रविवारी दानार्पणाची थैली फिरते. एखादी विधवा पेन्शनमधले शंभर रुपये तीत टाकते. त्या पैशांचे पुढे काय झाले, हे विचारायची सोय तिला नाही. विचारलेच, तर पाळकसाहेबांवर अविश्वास म्हणजे प्रभूवर अविश्वास, असे तिला ऐकवले जाते. हे मी माझ्याच मंडळीत ऐकले आहे. असे बोलणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो, हा उपदेश नव्हे, ही धमकी आहे.

मी नगर जिल्ह्यातल्या मिशन शाळेच्या मास्तरांच्या घरात वाढलो. या मंडळीने आम्हाला अक्षर दिले, माणूस म्हणून उभे राहण्याची हिंमत दिली. म्हणूनच तिची आजची अवस्था पाहून गप्प बसणे मला पाप वाटते.

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मुंबईत उतरले आणि अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. १८३१ मध्ये या मिशनने नगरला ठाणे केले. शाळा, दवाखाने, बोर्डिंगे, चर्चे आणि त्यांच्याभोवतीच्या जमिनी अशी मोठी मालमत्ता उभी राहिली. परदेशी मिशनरी गेले आणि ही मालमत्ता ट्रस्टांकडे आली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. विश्वासाच्या पातळीवर ते ऐक्य मोलाचे होते. पण त्यानंतर आपली शक्ती कुठे खर्च झाली? मालमत्ता जुन्या ट्रस्टची की नव्या मंडळीची, या वादात. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्त बदलाचे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण विश्वस्त आम्हीच, असे सांगणारे दोन गट समोरासमोर उभे असतात. कमिटीच्या निवडणुकीत पॅनेल पडतात. एरवी उपासनेला न फिरकणारी माणसे मतदानाच्या दिवशी गाड्या भरून येतात. हे सगळे कशासाठी? भर शहरातल्या मिशन कंपाउंडच्या एकरांसाठी.

२०२२ साली जबलपूरला याच सीएनआयच्या तत्कालीन मॉडरेटरांच्या, म्हणजे प्रमुख बिशपांच्या, घरावर आर्थिक गुन्हे शाखेने छापा घातला. घरात एक कोटीहून अधिक रोकड सापडल्याचे देशभरच्या वर्तमानपत्रांनी छापले. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. मला विचारायचे आहे ते आपल्याला. पोलीस दारात येईपर्यंत मंडळीतल्या एकाही यंत्रणेला त्या घरात डोकावावेसे का वाटले नाही? जिथे बिशपच सभेचे अध्यक्ष, संस्थांचे प्रमुख आणि पाळकांच्या बदल्या करणारे, तिथे प्रश्न विचारणाऱ्या पाळकाची बदली ठरलेली असते. आपण गोरा मिशनरी घालवला आणि त्याचा बंगला, त्याची खुर्ची, त्याचे साहेबपण जपून ठेवले. त्याच मंडळीत आडगावचा पाळक चार गावे सांभाळतो, मयतीला धावतो, आणि त्याचा पगार महिनोन्महिने थकतो.

या कारभाराला कंटाळून हजारो लोक बाहेर पडले आणि स्वतंत्र फेलोशिपमध्ये गेले. तिथे त्यांना प्रार्थना मिळाली, आपुलकी मिळाली, हे मी नाकारत नाही. पण अनेक ठिकाणी साहेबाच्या जागी त्यांना ‘अभिषिक्त’ मिळाला. ट्रस्टवर पास्टर, त्यांची पत्नी आणि मुलगा. गादीचा वारसही ठरलेला. आजाऱ्याला गोळ्या बंद करायला सांगणारे महाभाग याच मंचांवर उभे राहतात, आणि माणूस दगावला की त्याचा विश्वास कमी पडला म्हणून मोकळे होतात. हा सरळ सरळ गुन्हा आहे.

अभिषिक्ताला हात लावू नका, असे ते बजावतात. ज्या दाविदाच्या तोंडचा हा दाखला देतात, त्याने शौल राजाला ठार मारले नाही, एवढाच त्याचा अर्थ. गुहेबाहेर उभा राहून सैन्यादेखत त्याने शौलाला जाब विचारलाच. आणि दावीद स्वतः अभिषिक्त राजा असताना उरीयाच्या बायकोच्या प्रकरणात नाथान संदेष्ट्याने त्याच्याच तोंडावर त्याला दोषी ठरवले. उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाचे, म्हणजे दशमांशाचेही, तेच. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच ठेवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर द्यायची आज्ञा आहे. तो भाग या मंचांवरून का वाचला जात नाही? वाचला, तर पास्टरांच्या गाडीचा हिशेब द्यावा लागेल.

नवे काही शोधायला परदेशी परिसंवादांना जायची गरज नाही. वाट आपल्याच घरातल्या माणसांनी दाखवली आहे. पंडिता रमाबाईंचा १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. चेल्टनहॅमला त्या पुरुष विद्यार्थ्यांना शिकवणार म्हटल्यावर बिशपांनी हरकत घेतली. आपल्या विवेकावर कोणाची सत्ता चालू द्यायला रमाबाई तयार नव्हत्या. एका पुरोहितवर्गाचे जोखड फेकून दिल्यावर तसलेच दुसरे मानेवर घेणार नाही, असे त्यांनी आपल्या धर्ममातेला पत्रातून बजावले. त्याच बाईने पुढे केडगावला मुक्ती मिशन उभारले, दुष्काळातल्या मुली वाचवल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. त्यांच्या अंगावर पाळकाचा झगा कधीच नव्हता. गावोगाव पायी हिंडून घराघरात शुभवर्तमान नेणाऱ्या बायबलबाईंच्याही अंगावर नव्हता. आज चर्चमध्ये बाकांवर बहुसंख्य बायका असतात. सतरंज्या त्या घालतात, नाताळचा फराळ त्या करतात, आजाऱ्यांच्या उशाशी त्या बसतात. पैशांच्या निर्णयाची बैठक भरली की दार आतून लावून पुरुष बसतात.

दुसरे रेव्हरंड ना. वा. टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीची गीते आपण दर रविवारी गातो आणि त्यांचा शेवटचा निर्णय सोयीस्करपणे विसरतो. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगारावर पाणी सोडले आणि ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पगारी नोकरांची संस्था मराठी माणसाच्या काळजाला हात घालू शकणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९१९ मध्ये ते गेले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही. शंभर वर्षांनंतर आपण त्यांचे पद म्हणतो आणि पाळकाच्या पगाराच्या श्रेणीवर भांडतो.

प्रेषितांच्या काळातल्या पहिल्या मंडळीतही तक्रार झाली होती. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जात होते. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना बंडखोर ठरवले नाही. लोकांनीच सात माणसे निवडावीत, असे सांगून त्यांनी कारभार सोडून दिला. निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची कुरकुर होती बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती कोठाराच्या किल्ल्या गेल्या. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेली माणसे बरोबर घेतली, कोणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. पौलाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आमच्या बिशपांना आणि पास्टरांना अपमानाचे का वाटावे?

यावर एक उत्तर ठरलेले आहे: ख्रिस्ती समाजावर हल्ले होत असताना घरातली भांडणे चव्हाट्यावर आणू नका. हल्ले होतात, हे खरे आहे आणि ते भयंकर आहेत. पण तो मार खातो खेड्यातला गरीब प्रार्थना करणारा, आणि त्याच्या आडोशाला लपतो शहरातला कारभारी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती आजही मिळत नाहीत. आपल्या मंडळीतले बहुसंख्य लोक त्याच वस्त्यांतून आले आहेत. त्यांच्या या हक्कासाठी जेवढी ताकद लागली, तिच्या कित्येक पट जमिनींच्या दाव्यांत लागली. विरोधकांच्या हाती कोलीत देते ती ही लूट, तिच्याबद्दल बोलणारा नव्हे.

कायदा आपल्या बाजूने आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमानुसार ट्रस्टला हिशेबांचे लेखापरीक्षण करावेच लागते आणि कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय जमीन विकता येत नाही. वसईतल्या आणि मुंबईतल्या कॅथलिक बांधवांनाही सांगतो, तुमच्या चर्चच्या कायद्याच्या संहितेतल्या कानून ५३७ ने प्रत्येक धर्मग्रामाला आर्थिक समिती सक्तीची केली आहे आणि कानून १२८७ ने भाविकांच्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायला सांगितला आहे. मागायला आपणच कचरतो.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. दर तिमाहीचा जमाखर्च चर्चच्या दारावर लावा. निम्मी कमिटी बायकांची करा. कोणत्याही पदाधिकाऱ्याला दोन मुदतींनंतर घरी जाऊ द्या. बिशपांकडे एक तर आत्म्यांचा सांभाळ ठेवा, नाही तर मालमत्तेचा, दोन्ही नको. खेड्यातल्या पाळकाचा पगार आधी द्या, डायसिसच्या गाडीचे पेट्रोल नंतर. आणि जी मंडळी हिशेब देत नाही, तिच्या थैलीत पैसे टाकू नका. ते शेजारच्या विधवेच्या हातात द्या, ते दान प्रभूपर्यंत पोहोचेल. येत्या रविवारी उपासना संपल्यावर घरी जाऊ नका. उभे राहा आणि हिशेब मागा.