दिवस दहा तासांचा, घराचा वाटा किती?

दुकाने व आस्थापनांमधील दैनंदिन कामाची मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये मंजुरी दिली. वीस वा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांसाठी हा बदल आहे. आठवड्याची ४८ तासांची मर्यादा कायम असल्याने कर्मचाऱ्यांचे नुकसान नाही, असा युक्तिवाद त्याच्या समर्थनार्थ केला जातो. कागदावर तो खोटा नाही. पण आठवड्याचा हिशेब कारखानदार आणि सरकार मांडते. घर चालते ते दिवसाच्या हिशेबावर. शाळेतून मूल रोज घरी येते, आजारी आईला औषध रोज द्यावे लागते.

कायद्याच्या नावात दुकाने असली, तरी हिंजवडीतील संगणक कंपन्या, कॉल सेंटर आणि मॉल हे सारे त्याच्याच कक्षेत येतात. आजवर नवव्या तासानंतरचे काम हे जादा काम ठरे आणि त्याला दुप्पट मोबदला मिळे. आता आठवड्याचे ४८ तास पूर्ण होईपर्यंत दहावा तास साध्या दराचा झाला. जादा कामाची तिमाही मर्यादाही १२५ वरून १४४ तासांवर गेली. सरासरी काढल्यास आठवड्याला सुमारे अकरा तास, म्हणजे एकूण ५९. बदलापूर किंवा विरारहून मुंबईत येणाऱ्याच्या प्रवासाचे तीन तास यात कुठेच धरलेले नाहीत.

मुंबईला हा वाद नवा नाही. गिरणी कामगारांचे नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून साप्ताहिक सुटीची मागणी लावून धरली आणि १८९० मध्ये रविवार पदरात पाडून घेतला. सहा दिवस मालकासाठी आणि पोटासाठी गेले, तर एक दिवस समाजासाठी हवा, अशी त्यामागची भूमिका सांगितली जाते. म्हणजे सुटी ही केवळ थकवा घालवण्यासाठी नव्हे, हे त्या काळातही उमगले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत असताना कारखान्यांचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणण्याची पावले पडली. आज ज्या ४८ तासांचा दाखला दिला जातो, त्याचे मूळ तेथे आहे.

उलट दिशेचे सूर उद्योगविश्वातून येत आहेत. नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे, असे सुचवले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांनी तो आकडा ९० वर नेला. या ९० तासांत स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत त्याचे उत्तर आहे. बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, पुरुष ८८. नोकरीचा तास वाढला की तो बहुधा तिच्या झोपेतून वजा होतो.

त्यातून कायदा लागू कोणाला, हाही पेच आहेच. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या पदांना तो लागू नाही. नावापुढे ‘मॅनेजर’ लागले की तासांचे संरक्षण संपते, आणि खासगी कार्यालयांत ही बिरुदे सढळ हाताने वाटली जातात. २०२४ मध्ये पुण्यातील एका नामांकित लेखा कंपनीतील तरुण कर्मचारी दगावली. कुटुंबीयांनी अतिश्रमाचा आरोप केला, कंपनीने तो नाकारला. चौकशीला गेलेल्या कामगार खात्याला आढळले ते वेगळेच. ते कार्यालय २००७ पासून चालत होते आणि या कायद्याखाली त्याची नोंदणीच नव्हती. नोंदणी नसलेल्या जागी तास मोजणार कोण?

घरी पोहोचल्यावर काम संपते, असेही आता राहिलेले नाही. मोबाइलने तो उंबरठा पुसला. फ्रान्सने २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरील संपर्काबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी करणे भाग पाडले. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ मध्ये, अवाजवी नसेल तर असा संपर्क नाकारण्याचा हक्क दिला. कोणाचीही अर्थव्यवस्था त्यामुळे बुडाल्याचे ऐकिवात नाही. बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच आशयाचे खासगी विधेयक लोकसभेत २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये मांडले. संसदेत १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, हे पाहता त्याचे भवितव्य ओळखणे कठीण नाही.

दुकाने व आस्थापना कायदा मात्र राज्याचा आहे. दहावा तास त्यात मुंबईतच घातला गेला. कामाच्या वेळेनंतरच्या संपर्काचे कलमही तेथेच घालता येईल. त्यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही. पन्नास वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची तरतूद कायद्यात आधीपासून आहेच. ती किती ठिकाणी प्रत्यक्षात उतरली, याची तपासणी तर नवा कायदा न करताही उद्यापासून सुरू होऊ शकते.