काखमांजरी आणि माकडहाडाचे गळू



रावेरहून केळी भरून दिल्लीकडे ट्रक नेणारे एक तिशीचे गृहस्थ गेल्या वर्षी दवाखान्यात आले. खुर्ची पुढे केली तरी ते उभेच राहिले. माकडहाडापाशी दोनदा शस्त्रक्रिया होऊनही तेथून पुन्हा पू वाहू लागला होता. तपासणीसाठी सदरा काढल्यावर दोन्ही काखांत जुने वण, काळे ठिपके आणि एक ताजे गळू दिसले. ते म्हणाले, ‘‘त्याचं काय सांगायचं, डॉक्टरसाहेब? काखमांजरी आहे. उन्हाळ्यात होतेच.’’

त्यांपैकी तीन गळवे पूर्वी मीच चिरली होती. परंतु ‘आणखी कुठे असे होते का?’ हा साधा प्रश्न मी एकदाही विचारला नव्हता.

माकडहाडाच्या वरच्या खाचेत होणाऱ्या या विकाराला पायलोनिडल सायनस म्हणतात. सायनस म्हटले की आपल्याला नाक आठवते. येथे त्याचा अर्थ त्वचेखालचा बोगदा असा आहे. लॅटिनमध्ये ‘पिलस’ म्हणजे केस आणि ‘निडस’ म्हणजे घरटे. दुसऱ्या महायुद्धात जीपगाड्यांतून खडबडीत रस्त्यांवर फिरणाऱ्या अमेरिकी सैनिकांत तो इतका आढळला की त्याला ‘जीपचा आजार’ असे नाव पडले. दीर्घकाळ बसणे, घाम, घर्षण आणि दाट केस त्याला पोषक ठरतात. भगंदराचे तोंड गुदद्वाराजवळ असते, याचे त्याहून वर. ही दोन्ही दुखणी एक समजू नयेत.

काख, जांघ, स्तनांखालील घडी व नितंब येथे पुन्हापुन्हा गळवे आणणारा दुसरा विकार म्हणजे हायड्राडिनायटिस सप्युरेटिव्हा. त्यात केसाच्या मुळाचे तोंड बंद होते, आत मळ साचतो, मूळ त्वचेखाली फुटते आणि शरीराची दाहप्रक्रिया भडकते. पुढे गळवे बोगद्यांनी जोडली जातात. केसांची मुळे बंद होण्याशी निगडित अशा चार विकारांच्या गटात 1975 पासून पायलोनिडल सायनसचीही गणना होऊ लागली. म्हणून एकाच व्यक्तीत हे दोन्ही विकार आढळणे हा निव्वळ योगायोग नसतो. अर्थात, पायलोनिडल सायनस असलेल्या प्रत्येकाला दुसरा विकार असतोच असे नाही.

हा संबंध ओळखणे का महत्त्वाचे? शस्त्रक्रिया एका जागेचा बोगदा काढते. त्वचेची प्रवृत्ती मात्र तशीच राहते. मूळ विकार लक्षात न आल्यास रुग्ण वर्षानुवर्षे शल्यविशारदाकडे एक गळू दाखवतो, आमच्याकडे दुसरे, आणि मधल्या काळात औषधाच्या दुकानातून प्रतिजैविके आणतो. स्त्रिया तर संकोचापायी कोणालाच दाखवत नाहीत.

हा विकार अस्वच्छतेमुळे होत नाही. तो संसर्गजन्य नाही आणि गुप्तरोगही नाही. अनेकदा तो घराण्यात आढळतो. धूम्रपान आणि स्थूलता यांच्याशी त्याचा निकटचा संबंध आहे. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा त्रास वाढवत असेल, पण विकाराचे मूळ उन्हात नाही.

सहा महिन्यांत दोन किंवा अधिक वेळा अशा जागी गळू झाले, तर त्वचारोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. गळू पिळू नये, गरम पोटीस बांधून भाजून घेऊ नये. विडी-सिगारेट सोडावी, वजन उतरवावे, सैल सुती कपडे वापरावेत, रक्तातील साखर तपासावी. उपचारांत लावण्याची औषधे, काही आठवड्यांची प्रतिजैविके आणि तीव्र विकारात दाह आवरणारी इंजेक्शने आहेत. क्षयरोग नसल्याची खात्री करूनच ही इंजेक्शने सुरू करतात. शस्त्रक्रिया लागलीच, तर त्वचारोगतज्ज्ञ व शल्यविशारद यांनी मिळून ठरवणे उत्तम. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत असे दाखवता येते.

त्या गृहस्थांनी विडी सोडली आहे, औषधे चालू आहेत. गळवे पूर्ण थांबलेली नाहीत, पण कमी झाली आहेत. परवा आले तेव्हा खुर्चीत बसून बोलले. जाताना म्हणाले, ‘‘धाकट्या बहिणीलाही काखेत होतं. ती कोणाला सांगत नाही.’’

पुढच्या आठवड्यात ते तिला घेऊन येणार आहेत. आपल्या घरीही हा प्रश्न एकदा हलक्या आवाजात विचारून पाहा.