कापणाऱ्याच्या जिवाचे काय?

बर्ड फ्लूची बातमी आली की चर्चा ताटापुरतीच होते. चिकन खावे की नाही? उत्तर ठरलेले असते : नीट शिजवून खा, ७० अंश सेल्सिअसला विषाणू मरतो. खाणारा निर्धास्त होतो. कापणाऱ्याचे काय, हे कोणी विचारत नाही.

१९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ प्रथमच माणसांत आढळला. १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. तपासात धोका कोंबडी खाण्यात नव्हे, तर जिवंत कोंबड्यांच्या बाजारात जाण्यात दिसला. २००१ पासून तिथल्या बाजारांना महिन्यातून एक दिवस सक्तीची सुट्टी लागली. पिंजरे रिकामे करायचे, दुकाने धुऊन काढायची. एवढ्यानेही बाजारातल्या पक्ष्यांमध्ये फ्लूच्या विषाणूचे प्रमाण घटल्याचे संशोधकांना आढळले.

आपल्या नवापूरला २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये साथ आली, लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. २०२१ मध्येच हरियाणातला ११ वर्षांचा मुलगा दिल्लीत एच५एन१ने गेला. तरी आमच्या मोहल्ल्यातल्या चिकन सेंटरवर पोरे आजही उघड्या हातांनी कोंबड्या सोलतात आणि त्याच हातांनी चहा पितात. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर कीबोर्ड बडवणाऱ्या आम्हा लोकांसाठी ऑफिसात जागोजागी सॅनिटायझर ठेवलेले असते. ज्यांचे हात रक्तापिसांत असतात, त्यांना साबणाची वडीही मिळत नाही. हा कुठला न्याय?

‘परवडत नाही’ ही सबब मला मान्य नाही. हातमोजे, मास्क, वेगळा अ‍ॅप्रन, साबण, झाकणाचा डबा आणि आठवड्यातून एक दिवस पिंजरे रिकामे करून धुणे, याला किती खर्च येतो? दुकानमालकांनी तो करावा. नगरपालिकेने परवान्याचे पैसे घेताना दुकानात नळ आणि निचरा आहे का, तेही पाहावे. मस्जिद कमिट्यांनी जुम्याला दोन मिनिटे सांगावे : मेलेल्या पक्ष्याला हात लावू नका, मुलांना लावू देऊ नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. पक्ष्यांशी संबंध आल्यावर ताप, खोकला आला किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना तो संबंध आधी सांगा.

पाच वेळा वुजू करणाऱ्या समाजाला हात धुण्याचे महत्त्व पटवावे लागू नये. येत्या रविवारी चिकन घ्यायला जाल तेव्हा भावाआधी एवढेच विचारा : भाई, साबण कुठे आहे?