स्नेहमेळावा झाला, आता पुढे काय?

दिवाळीची सुट्टी लागली किंवा मे महिना उजाडला की गावोगावच्या शाळांच्या मैदानात मंडप पडतात. पंचवीस, तीस, चाळीस वर्षांपूर्वी दहावी झालेली मंडळी पुन्हा त्याच बाकांवर बसतात. घंटा होते, प्रार्थना होते, हजेरी घेतली जाते. निवृत्त गुरुजनांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो. शाळेला संगणक किंवा पाणी शुद्धीकरण यंत्र भेट दिले जाते. जेवणानंतर गाणी, फोटो आणि 'आता दरवर्षी भेटायचं' असा निश्चय होतो. दोन दिवसांनी वर्तमानपत्रात छायाचित्रासह बातमी येते.

त्यानंतर काय होते, त्याची बातमी येत नाही. बहुतेक ठिकाणी फारसे काही होतच नाही. आठवडाभर फोटो फिरतात, मग 'सुप्रभात'ची चित्रे, मग शांतता. वर्ष-दोन वर्षांनी ग्रुप अचानक जागा होतो, तो एखाद्या वर्गमित्राच्या निधनाच्या बातमीने. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिणाऱ्या चाळीस जणांपैकी तो वर्षभर आजारी होता हे दोघा-तिघांनाही ठाऊक नसते.

माजी विद्यार्थ्यांच्या भेटीगाठींकडे आपल्याकडे हौस म्हणून पाहिले जाते. आरोग्यशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ही हौस नाही, गरज आहे. मात्र शरीराला आणि मनाला उपयोग होतो तो वर्षातून एकदा होणाऱ्या सोहळ्याचा नव्हे, अधूनमधून होत राहणाऱ्या साध्या संपर्काचा.

नाती आणि आयुष्य

माणसांच्या सोबतीचा आयुर्मानाशी संबंध असतो, हे आता केवळ सुभाषित राहिलेले नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या अलामेडा काउंटीत १९६५ मध्ये सुमारे ७,००० प्रौढांची पाहणी झाली. जोडीदार, नातेवाईक व मित्र, धार्मिक संस्था आणि इतर मंडळे यांच्याशी त्यांचा किती संबंध आहे, याची नोंद घेतली गेली. पुढील नऊ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवण्यात आले. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम यांनी १९७९ मध्ये निष्कर्ष मांडले. ज्यांचे संबंध सर्वांत कमी होते, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक संबंध असलेल्यांच्या तुलनेत पुरुषांत २.३ पट, तर स्त्रियांत २.८ पट होते. धूम्रपान, मद्यपान, लठ्ठपणा आणि आधीची प्रकृती लक्षात घेऊनही हा संबंध टिकून राहिला. एका प्रकारचे नाते नसेल तर दुसरे त्याची काही अंशी भरपाई करते, असेही दिसले. जोडीदार गमावलेल्या व्यक्तीसाठी जुने मित्र का महत्त्वाचे, याचे उत्तर त्यात आहे.

पुढे २०१० मध्ये ज्युलियन होल्ट-लुनस्टॅड आणि सहकाऱ्यांनी अशा १४८ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात तीन लाखांहून अधिक लोकांची माहिती होती. चांगले सामाजिक संबंध असलेल्यांची अभ्यासाच्या कालावधीत हयात राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ मधील अहवालात जगातील दर सहा व्यक्तींमागे एक एकटेपणाने ग्रासलेली असल्याचे म्हटले आहे. एकटेपणाशी निगडित मृत्यूंचा त्या अहवालातील अंदाज वर्षाला ८ लाख ७१ हजारांचा आहे.

इथे एक सावधगिरी हवी. हे बहुतेक निष्कर्ष निरीक्षणांवर आधारलेले आहेत. आजारी माणूस घराबाहेर कमी पडतो, म्हणून त्याचे मित्र तुटतात, असेही घडते. त्यामुळे 'मित्रांना भेटा आणि दहा वर्षे जास्त जगा' अशी हमी कोणी देऊ नये. पण वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या काळात, आधीच्या प्रकृतीचा हिशेब करूनही तेच चित्र पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर ते बाजूला सारता येत नाही. संबंध कसा घडतो, याची वाटही बरीचशी समजलेली आहे. सततचा एकटेपणा शरीराला ताणाच्या अवस्थेत ठेवतो. झोप बिघडते, रक्तदाब वाढतो, शरीरातील दाह वाढतो. शिवाय एक साधी व्यवहारातली गोष्ट असतेच. 'किती वाळलास रे, शुगर तपासलीस का?' असे विचारणारे कोणी असले की माणूस दवाखान्यात वेळेवर पोहोचतो.

शाळासोबतीच का?

मित्र तर नोकरीतही मिळतात, सोसायटीतही मिळतात. मग शाळेच्या मित्रांचे एवढे काय? याचे एक उत्तर स्मरणशक्तीच्या अभ्यासात आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅरी बॅरिक आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये १७ ते ७४ वर्षे वयाच्या ३९२ जणांची परीक्षा घेतली. त्यांच्या शाळेच्या जुन्या वार्षिकांकांतील छायाचित्रे त्यांना इतर छायाचित्रांत मिसळून दाखवली. शाळा सोडून ३० वर्षे उलटलेल्यांनीही दहांपैकी नऊ चेहरे ओळखले. नावे आपणहून आठवायला सांगितली तेव्हा मात्र पंचाईत झाली. थोडक्यात, शाळासोबत्यांची ओळख मेंदूत खोल रुजलेली असते. ती वर आणायला फक्त एखाद्या खुणेची गरज असते.

दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयातही अधिक संख्येने आणि अधिक ठळकपणे आठवतात, हेही अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्या वयातला साक्षीदार म्हणजे शाळासोबती. आपले आईवडील, जुने घर, शाळेत जायची वाट हे सारे त्याने पाहिलेले असते. पन्नाशीनंतर असे साक्षीदार झपाट्याने कमी होतात.

आणखी एक कारण आपल्या समाजातले आहे. वय वाढते तशी माणसाला हाक मारण्याची रीत बदलते. तो कुणाचा साहेब होतो, कुणाचा काका, कुणाचे आजोबा. ती वहिनी होते, काकू होते, सासूबाई होते. तिला माहेरच्या नावाने 'अगं' म्हणणारे आणि त्याला 'अरे' म्हणून झापणारे फार थोडे उरतात. पद, पैसा आणि घरातली जबाबदारी बाजूला ठेवून बोलता येईल अशी ही जागा असते. निवृत्तीच्या दिवशी खुर्ची सुटते आणि तिच्याभोवतीची माणसेही सुटतात, तेव्हा या जागेची किंमत कळते. महाराष्ट्रात दहावीची पहिली तुकडी १९७५ मध्ये बाहेर पडली. त्या तुकडीतली सगळी मंडळी आज पासष्टी ओलांडून गेली आहेत. मुले पुण्या-मुंबईत किंवा परदेशात आणि आपण गावात, किंवा उलट, मुलांसोबत अनोळखी शहरातल्या फ्लॅटमध्ये, ही त्यांच्यातल्या अनेकांची स्थिती आहे.

हात फोनपाशी का थबकतो?

गरज खरी आहे आणि फोनही खिशात आहे. तरी संपर्क का होत नाही? कॅनडातील लारा अक्निन आणि ब्रिटनमधील जिलियन सँडस्ट्रॉम यांनी २०२४ मध्ये याच प्रश्नावर प्रयोग प्रसिद्ध केले. सहभागी लोकांना जुन्या मित्राला निरोप पाठवायची इच्छा होती, त्याला ते आवडेल असे वाटत होते, त्याचा पत्ता-क्रमांक हाताशी होता आणि निरोप लिहायला वेळही दिला होता. तरीही एक तृतीयांशांहून कमी लोकांनी तो पाठवला. बऱ्याच काळात न भेटलेला मित्र मनाला जवळजवळ परक्यासारखा वाटू लागतो आणि परक्याशी बोलताना वाटतो तसाच संकोच वाटतो. त्याच संशोधनात उपायही सापडला. आधी सध्याच्या मित्रांना दोन-चार मिनिटे निरोप पाठवायचा सराव करून घेतला, तेव्हा जुन्या मित्राला लिहिणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यापेक्षा वर गेले.

पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये दाखवलेली गोष्ट याला पूरक आहे. अचानक आलेली विचारपूस समोरच्याला किती आवडेल, याचा अंदाज पाठवणारा नेहमी कमीच बांधतो. ती आपल्याला वाटते त्यापेक्षा जास्त आवडते. 'इतक्या वर्षांनी फोन केला तर त्याला काय वाटेल' ही भीती म्हणून बहुतांशी अनाठायी असते. आपल्याकडे तिच्यात आणखी एक शंका मिसळते, ती म्हणजे 'काही काम असेल म्हणून फोन केला असेल, असं वाटेल'. त्यावर एकच उपाय असतो. काम नसताना फोन करणे.

यादीत कोण नाही?

सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच आहे. 'दहावी बॅच' या नावाने जमणारा ग्रुप दहावी झालेल्यांचाच असतो. आठवीत नापास होऊन शेतात गेलेला, वडील वारल्यावर गॅरेजमध्ये कामाला लागलेला, नववीत लग्न झालेली, ऊसतोडीला आईवडिलांसोबत जाताना शाळा सुटलेली, ही सगळी त्याच वर्गात बसली होती. ती यादीत नसतात. मुलींचा शोध आणखी अवघड, कारण आडनाव बदललेले आणि गावही. शोध घेताना 'सापडली नाही' म्हणून पुढे जाणे सोपे असते. परिणामी ज्यांच्याकडे आधीच नोकरी, माणसे आणि ओळखी आहेत तेच एकत्र येतात. ज्यांना या आधाराची सर्वाधिक गरज आहे ते बाहेर राहतात.

यावर शाळेतच तोडगा आहे. प्रत्येक शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलामुलीची नोंद असते. शाळा कधी सोडली आणि का सोडली, हेही त्यात असते. मुख्याध्यापकांच्या मदतीने त्या वर्गातली फक्त नावे मिळाली तरी पुरे. पाचवीला सोबत असलेले सगळे आपले, अशी व्याख्या केली की यादीच बदलते. मुलींसाठी माहेरच्या नावाने, भावाच्या किंवा शेजारच्यांच्या ओळखीने शोध लागतो. सापडलेल्या व्यक्तीला विचारल्याशिवाय तिचा क्रमांक ग्रुपवर टाकू नये, हे मात्र पाळायलाच हवे.

ज्यांना यायचे नाही त्यांनाही मोकळीक हवी. प्रत्येकासाठी शाळेची आठवण गोड नसते. कुणाला जातीवरून वेगळे बसवलेले असते, कुणाला रंगावरून वा बोबडेपणावरून छळलेले असते. अशा व्यक्तीला 'जुनं कशाला उगाळतोस' असे सुनावणे हा दुसरा छळ ठरतो. एखाद्याने वैयक्तिक फोन करून 'तेव्हा चुकलंच' एवढे म्हटले, तर ते कोणत्याही सत्कारापेक्षा मोलाचे असते.

सोहळ्यापेक्षा सवय

मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांच्या मांडणीनुसार माणूस साधारण दीडशे संबंध सांभाळू शकतो आणि त्यातले खरे जवळचे जेमतेम पाच ते पंधरा असतात. म्हणूनच ऐंशी जणांचा एकच ग्रुप कुणाच्याच जवळचा होत नाही. त्याचे पाच-सहा जणांचे गट पाडावेत. गावानुसार, जुन्या आळीनुसार, कसेही. प्रत्येक गटाने एकमेकांना महिन्यातून एकदा तरी फोन करायचा, एवढा एकच नियम ठेवावा. लिहिलेल्या निरोपापेक्षा आवाज बरा आणि आवाजापेक्षा भेट. एका शहरात राहणाऱ्यांनी रविवारी सकाळी सोबत चालायला जावे. त्यात व्यायामही होतो आणि बोलणेही. स्मार्टफोन नसलेल्यांची जबाबदारी गटातल्या एकाने घ्यावी.

मोठ्या मेळाव्यात काही पथ्ये पाळावीत. वर्गणी इतकी ठेवू नये की रोजंदारीवर जाणारा वर्गमित्र लाजून येणारच नाही. ज्याला जमेल त्याने जास्त द्यावे, आणि कुणी किती दिले ते जाहीर करू नये. ओळख करून देताना पद आणि मुलांचे पॅकेज सांगण्याची चढाओढ टाळावी. दारूच्या पार्टीने मेळाव्याची सांगता करायची पद्धत काही ठिकाणी रूढ होत आहे. ती वर्गातल्या बायकांना बाहेर ठेवते आणि पन्नाशीतल्या रक्तदाबाच्या रुग्णांना धोक्यात टाकते. ग्रुपवर फिरणारे 'मधुमेह मुळापासून बरा करणारे' काढेही थांबवावेत. वर्गात कुणी डॉक्टर किंवा परिचारिका असेलच. अशा निरोपांची शहानिशा करण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. मात्र त्यांचा फोन म्हणजे फुकटचा दवाखाना समजू नये.

शाळेला संगणक भेट देणे चांगलेच आहे. पण चाळीस वर्षांनी जमलेल्या वर्गाने त्याच दिवशी निघण्यापूर्वी आणखी एक काम करावे. हजेरीत ज्यांच्या नावापुढे 'गैरहजर' लागले, त्यांची नावे जमलेल्यांनी आपसांत वाटून घ्यावीत. एका वाट्याला दोन किंवा तीन नावे येतील. पुढच्या रविवारपर्यंत त्यांच्यापर्यंत पोहोचायचे आणि विचारायचे, 'बराच काळ बोलणं नाही, कसा आहेस?' याला मंडप लागत नाही, वर्गणी लागत नाही. मेळाव्याचा खरा उपयोग झाला की नाही, ते त्या रविवारी कळेल.