नववी चौकट पाहून घ्या

दशावताराचे पट्टचित्र घरी आणायचे असेल, तर आधी नववी चौकट पाहावी. मत्स्यापासून रामापर्यंतचे सात अवतार बहुतेक सगळीकडे तेच आणि त्याच क्रमाने असतात. खरी गंमत पुढे आहे. ओडिशाच्या पटांत आठव्या जागी बहुधा नांगरधारी बलराम असतो आणि नवव्या जागी वाटोळ्या डोळ्यांचा जगन्नाथ. बाराव्या शतकातल्या जयदेवाने ‘गीतगोविंदा’त अवतारांची जी नामावळी गायिली, तीत कृष्ण नाहीच, कारण तोच अवतार घेणारा. नववा आहे बुद्ध. पुरीकडच्या चित्रकारांनी त्या जागी आपला जगन्नाथ बसवला. आपल्याकडेही जुन्या पंचांगांतल्या दशावतारात बुद्धाच्या जागी कमरेवर हात ठेवलेला विठोबा दिसतो. यादी शास्त्राची, पण एक जागा लोकांनी आपल्या देवासाठी ठेवून घेतली. चित्र कुठल्या मातीतले आहे, हे तीच जागा सांगते.

बाजारात मात्र ही जागा पुसली जात आहे. ‘पट्टचित्र’ म्हणून कॅनव्हासवर यंत्राने छापलेली चित्रे चौकटीत घालून सर्रास विकली जातात. एकच फाइल हजारदा छापायची, तर मग कोणत्याच प्रदेशाला न खटकणारे सरधोपट देव बरे पडतात.

पुरीजवळच्या रघुराजपुरात पट कसा होतो, हे म्हणूनच ठाऊक असावे. सुती कापडाचे दोन थर चिंचोक्यांच्या खळीने चिकटवतात, त्यावर खडूची भुकटी आणि खळ यांचा लेप देतात आणि वाळल्यावर दगडाने घोटून गुळगुळीत करतात. पांढरा रंग शंखाचा, लाल हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा, काळा काजळीचा. चौकटीची वेलबुट्टी आखून मग आतल्या आकृत्या भरायच्या आणि डोळे, दागिने, बारीक काळी रेघ अगदी शेवटी. हे काम बहुधा घरातले सगळे मिळून करतात. लेप आणि रंगभरणी यांत बायकांचा मोठा हात असतो, नाव मात्र क्वचितच त्यांचे लागते.

हा पट नुसती शोभेची वस्तूही नव्हे. ज्येष्ठ पौर्णिमेच्या स्नानानंतर पुरीचे देव आजारी पडतात असे मानतात. पंधरवडाभर दर्शन बंद असते आणि त्या काळात पटावर रंगवलेल्या देवांचीच पूजा होते. प्रत्यक्ष मंदिरात जे चित्र देवाच्या जागी चालते, तेच लहान आकारात यात्रेकरूंबरोबर त्यांच्या घरोघरी गेले.

छपाईशी भांडण नाही. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि ज्यांना रंगवलेले चित्र कधीच परवडले नसते, अशांच्या घरी लक्ष्मी-सरस्वती पोहोचल्या. ते चित्र छापील आहे हे मात्र कुणी लपवले नाही. आज आक्षेप आहे तो लपवाछपवीला. छापील चित्रावर दोन-चार ठिकाणी सोनेरी रंगाचा हात फिरवायचा, ‘हस्तकला’ अशी चिठ्ठी लावायची आणि हाताच्या कामाचा भाव घ्यायचा, ही सरळ फसवणूक आहे. ती गिऱ्हाइकाची आहेच, पण त्याहून अधिक त्या चित्रकाराची आहे. कारण कितीतरी दिवस खपून केलेला पट त्याला या स्वस्त नकलेशेजारी मांडून विकावा लागतो. ओडिशाच्या पट्टचित्राला भौगोलिक मानांकन आहे. पण दुकानात विचारणाराच कुणी नसेल, तर ते कागदावरच राहणार.

तेव्हा विचारा. भिंग असेल तर लावून पाहा. छपाईचे ठिपके बहुधा उघडे पडतात. छापील घ्यायचे तर खुशाल घ्या, पण छापील म्हणून आणि छापील भावात. हाताचे म्हणून घेत असाल, तर चित्रकाराचे आणि गावाचे नाव बिलावर लिहून मागा. जो दुकानदार ते लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडून दशावतार घेऊ नका.