व्हेज आहे ना, मग झालं तर!

तर मंडळी, आमच्या ऑफिसात सध्या 'प्लान्ट-बेस्ड'ची हवा आहे. मागे किटो होतं, मग इंटरमिटंट फास्टिंग आलं, आता हे. पृथ्वीपण वाचते, हार्टपण वाचतं, डबल धमाका! हे ऐकून आमची जन्मजात शाकाहारी गँग एकदम कॉलर टाइट. "आम्ही तर आधीपासूनच व्हेज!" आणि हे म्हणताना एका हातात वडापाव, दुसऱ्या हातात कटिंग.

वडापाव व्हेजच की हो. साबुदाणा वडा, क्रीमची बिस्किटं, फरसाण, कोल्ड्रिंक, सगळं व्हेज. पाकिटावरचा हिरवा ठिपका फक्त शाकाहाराची ग्वाही देतो, तुमच्या रक्तवाहिन्यांची नाही. आणि पनीर? ते काही झाडाला लागत नाही.

हे माझं कुजकट मत नाही. अमेरिकेत आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या खाण्याच्या नोंदी अंबिका सतीजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. २०१७ मध्ये निष्कर्ष आला. अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, दाणे सगळ्यात जास्त खाणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका सगळ्यात कमी खाणाऱ्यांपेक्षा २५ टक्क्यांनी कमी. पण मैदा, साखर, बटाटे, गोड पेयं असा 'वनस्पतीजन्य' आहार घेणाऱ्यांना? ३२ टक्क्यांनी जास्त! दोन्ही ताटं झाडांचीच, बरं का.

"हार्टबिर्ट रिटायर झाल्यावर बघू," असं म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या पेशंटपैकी निम्म्यांना पहिला अॅटॅक वयाच्या ५३ वर्षांपर्यंतच आलेला होता. बाकी जगात हेच वय जवळपास ५९. म्हणजे आपली गाडी सहा वर्षं आधीच स्टेशनात. सिगारेट, डायबेटिस, बसून काम हे सगळं त्यात आहेच, नुसत्या खाण्यावर खापर फोडू नका. पण त्याच अभ्यासात रोज फळं-भाज्या खाणारे आपल्याकडे जेमतेम २७ टक्के निघाले, इतरत्र ४५.

मला सगळ्यात जास्त पटलेला अभ्यास 'कार्डिया'. १९८५-८६ मध्ये अमेरिकेतल्या चार शहरांत १८ ते ३० वयाची सुमारे पाच हजार मुलंमुली निवडली, म्हणजे तुमच्या-माझ्याच वयाची. साधारण ३२ वर्षांनी हिशोब केला. ज्यांचं खाणं सगळ्यात जास्त वनस्पतीप्रधान आणि चांगल्या दर्जाचं, त्यांना हृदयविकाराचा धोका तळातल्या गटापेक्षा निम्म्याने कमी. असे अभ्यास शंभर टक्के पुरावा देत नाहीत, मान्य. पण यातली गंमत अशी, की यासाठी शुद्ध शाकाहारी असायची अट नव्हती. तेव्हा रविवारच्या सुरमईवाल्यांनी लगेच तोंड पाडू नये.

आता पृथ्वीचं काय? त्यासाठी अॅव्होकॅडो टोस्ट आणि बदामाचं महागडं दूध कशाला हवंय? ज्वारी-बाजरी कोरडवाहू जमिनीत, भाताच्या कितीतरी कमी पाण्यात येते. तूर, मूग, मटकी मुळांच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात, त्यामुळे खत कमी लागतं. भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे: आजीचा मेन्यू आहे हा, आणि आपण तो 'गावठी' म्हणून मोडीत काढला. अगदी दूध-दहीही सोडून पूर्ण व्हेगन होणार असाल तर बी-१२ चं तेवढं डॉक्टरांना विचारा.

आणि ऑफिसचं फुकट चेकअप टाळू नका. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये पहिली लिपिड प्रोफाइल १८व्या वर्षीच करा असं सुचवलंय. म्हणजे आपण सगळेच लेट आहोत.

भाकरी डब्यात कडक होते ही तक्रार मात्र खरी आहे. मी फडक्यात गुंडाळून नेते, तरी दीड वाजेपर्यंत वातड होतेच. उसळीच्या रश्श्यात कुस्करायची, वर कांदा. चमचा लागत नाही.