साडेबारा हजारांचं कार्ड : फायदा कुणाचा, पैसा कुणाचा?



आमच्या अभ्यासवर्गात हल्ली एक प्रश्न पुन्हा पुन्हा निघतो. विचारणारे सगळे नुकते नोकरीला लागलेले तरुण. कुणी हिंजवडीत, कुणी नवी मुंबईत, कुणी सरकारी खात्यात. बँकेचा फोन येतो, "सर, तुमची खास निवड झाली आहे." धातूचं प्रीमियम क्रेडिट कार्ड, विमानतळावर लाउंज, प्रत्येक खरेदीवर रिवॉर्ड पॉइंट. वर्षाची फी साडेबारा हजार. घ्यावं का?

यावर आमच्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, ही चैन चळवळीच्या माणसाला शोभत नाही. दुसरा म्हणतो, त्यांनी घेतलं की हुशारी आणि आम्ही घेतलं की चैन, हा कुठला न्याय?

पहिला युक्तिवाद आम्हाला मुळीच मान्य नाही. गरिबीचे गोडवे गाणं ही आपली परंपरा नाही. बाबासाहेब सुटाबुटात वावरले. १९२७ साली महाडला त्यांनी आपल्या आयाबहिणींना लुगडं कसं नेसावं हेही सांगितलं, कारण गुलामीची खूण अंगावर वागवायची नव्हती. त्यामुळे चांगलं खाणं, चांगलं राहणं, विमानाने जाणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण दुसऱ्या तटालाही आम्ही विचारतो, हिशेब केला का?

हिशेब सोपा आहे. साडेबारा हजारांवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,७५० रुपये. कार्डावरच्या खर्चाचे साधारण दोन टक्के परत मिळतात असं धरू. मग नुसती फी वसूल व्हायला वर्षाला ७ लाख ३७ हजार रुपयांचा खर्च हवा. महिन्याला साडेएकसष्ट हजार. आणि हीही तुलना चुकीचीच आहे. बिनफीचं साधं कार्ड एक टक्का देत असेल, तर महागड्या कार्डाचा खरा जादा फायदा एकच टक्का उरतो. मग १४,७५० वसूल करायला पावणेपंधरा लाख खर्च करावे लागतील.

आता खर्च कोणता, ते पाहा. आमच्या एका मित्राने वहीच समोर ठेवली. मराठवाड्यातल्या गावातून आलेला, घरातला पहिला पगारदार. हातात येतात ८५ हजार. खोलीभाडं १८ हजार, गावी आईवडिलांना १५ हजार, शैक्षणिक कर्जाचा हप्ता १४ हजार, बहिणीच्या क्लासचे ८ हजार. उरलेल्यातून कार्डावर जातात जेमतेम २२ हजार. त्यावर दोन टक्के म्हणजे महिन्याला ४४०, वर्षाला ५,२८०. फी १४,७५०. साडेनऊ हजारांचा खड्डा.

यात त्याची चूक नाही. या कार्डांची रचनाच वेगळ्या आयुष्यासाठी आहे. विमान, हॉटेल, मॉल यांवर पॉइंटांचा पाऊस पडतो. घरभाडं, पेट्रोल, सरकारी भरणा यांवर बहुतेक कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा मर्यादा घालतात. गावी पाठवलेले पैसे, जयंतीची वर्गणी, बापाच्या ऑपरेशनसाठी मामाकडून घेतलेल्या उसनवारीची परतफेड यांना तर कुठल्याच कार्डात रकाना नाही. ज्याच्या आजोबाने घर बांधून ठेवलंय, ज्याच्या वडिलांना पेन्शन आहे, त्याचा पगार मोकळा असतो. आपला पगार हातात येण्याआधीच चार घरांत वाटला गेलेला असतो. दोघांचा पगार सारखा असला तरी कार्डाचा फायदा सारखा नसतो.

आता व्याज. आपल्याकडे कार्डाच्या थकबाकीवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज लागतं, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के. एक लाख थकले तर एका महिन्याचं व्याज ३,७५० आणि त्यावर जीएसटी धरून ४,४२५ रुपये. त्याच लाखाचे पॉइंट दोन हजारांचे. 'मिनिमम ड्यू' भरलं की आपण सुटलो असं अनेकांना वाटतं. सुटत काही नाही, उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. त्यामुळे ती ढालही आता उरलेली नाही.

इथे मूळ प्रश्न येतो. पॉइंट हे बँकेचं दान नव्हे, मग ते पैसे येतात कुठून? कार्ड घासलं की दुकानदाराकडून साधारण दोन टक्क्यांच्या आसपास शुल्क कापलं जातं. तो ते मालाच्या किमतीत घालतो. त्याच दुकानात रोख देणारी आपली मावशी तीच किंमत मोजते, तिला पॉइंट मिळत नाहीत. दुसरा मोठा झरा म्हणजे थकबाकीदारांचं व्याज. वेळेवर भरणाऱ्याची लाउंजमधली कॉफी अडलेल्याच्या व्याजातून येते.

हा आमचा नुसता संशय नाही. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या एका शोधनिबंधात अर्थतज्ज्ञांनी तिथल्या रिवॉर्ड कार्डांचा हिशेब मांडला. त्यांचा अंदाज असा, की दरवर्षी सुमारे १५ अब्ज डॉलर कमी शिकलेल्यांकडून जास्त शिकलेल्यांकडे, गरिबांकडून श्रीमंतांकडे आणि अल्पसंख्याकबहुल भागांकडून इतर भागांकडे सरकतात. आपल्याकडे जातीनिहाय असा हिशेब कुणी मांडला तर चित्र फार वेगळं निघेल असं आम्हाला वाटत नाही.

बाबासाहेबांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या ग्रंथात हीच नजर वापरली आहे. रुपया घसरला की निर्यात वाढते, देशाचा फायदा होतो, असं तेव्हा सांगितलं जाई. बाबासाहेबांनी दाखवलं, की किमती वाढतात तशी मजुरी वाढत नाही. म्हणजे तो फायदा बाहेरून येत नाही, देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात जातो. रिवॉर्ड पॉइंटांना हाच प्रश्न विचारा.

कुणी म्हणेल, फायदा सगळे घेतात, आपणच का सोडायचा? सोडू नका. ज्याचा कामाचा प्रवासखर्च स्वतःच्या कार्डावर होतो आणि कंपनी परत देते, ज्याचा पॉइंट देणारा खर्च खरोखरच वरच्या आकड्यात बसतो, जो दरमहा पूर्ण बिल भरतो, त्याने खुशाल घ्यावं. पण अटी बँक एकतर्फी बदलते हेही लक्षात ठेवावं. ॲक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाची फी सप्टेंबर २०२३ पासून दहा हजारांवरून साडेबारा हजार झाली आणि महिन्याला लाखाच्या खर्चावर मिळणारे २५ हजार पॉइंट बंद झाले. त्या पॉइंटांसाठी कार्ड घेतलेल्यांना कुणी विचारलं नाही.

बाकीच्यांनी बिनफीचं एक कार्ड घ्यावं, वेळेवर पूर्ण भरावं. आपल्यातल्या अनेकांना घरकर्जाच्या वेळी जामीन राहायला पैसेवाले काका-मामा नसतात. तिथे चांगला सिबिल स्कोअर कामी येतो आणि तो फुकटच्या कार्डानेही बनतो. फीचं कार्ड आधीच घेतलं असेल तर नूतनीकरणाआधी फी माफ करा म्हणून फोन करा. नाही म्हणाले तर थकबाकी भरून लेखी विनंती देऊन बंद करा. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर बँकेला दिवसाला ५०० रुपये दंड द्यावा लागतो. संमतीशिवाय कार्ड 'अपग्रेड' करणंही चालत नाही.

शेवटी त्या मित्राचं बोलणं. वही मिटून तो म्हणाला, "हिशेब पटला. पण लाउंजच्या दारात मला कुणी आडनाव विचारत नाही. कार्ड दाखवलं की 'या सर' म्हणतात." वर्गात कुणी हसलं नाही. खोली शोधताना त्या आडनावाने किती दारं बंद केली हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याला आम्ही एवढंच म्हणालो, तो "या सर" त्या कार्डाला असतो. पुढच्या वर्षी फी भरली नाहीस की दार बंद. आणि लाउंजमध्ये पुसायला असलेल्या बाईला तिथेही कुणी 'या ताई' म्हणत नाही. आडनाव न विचारणारं दार सगळ्यांसाठी उघडायचं तर ते काम संघटनेनेच होईल.

बाबासाहेबांनी उत्पन्नाचा विसावा हिस्सा समाजासाठी मागितला होता. मित्राचे ते बुडणारे साडेनऊ हजार वस्तीतल्या अभ्यासिकेचं काही महिन्यांचं वीजबिल भरतात. त्याने कार्ड बंद करायचा अर्ज दिला आहे. तुम्ही आज रात्री तुमची वही काढा.

जय भीम!